जुन्या मोटरसायकलचा स्पीडोमीटर बिघडला? आधी किलोमीटरचे आकडे बघा

काटा हलेनासा झाला की बरेच जण थेट नवा मीटर घेऊन येतात. तो बसवल्यावरही काटा शून्यावरच राहतो, आणि मग कुठे नजर खाली चाकाकडे जाते. गोव्यात तर हे फारच घडतं. चार महिन्यांचा पाऊस, किनाऱ्यावरची खारी हवा आणि तांबडी माती यांचा पहिला मार मीटरवर बसत नाही, तो केबलवर आणि पुढच्या चाकातल्या गियरवर बसतो. म्हणून तपासणी खालून वर करायची आणि मीटर सगळ्यात शेवटी उघडायचा.

इथे सांगितलेलं सगळं केबलवर चालणाऱ्या मीटरला लागू आहे. जुनी स्प्लेंडर, सीडी १००, आरएक्स १००, पुढच्या चाकावरून मीटर चालणाऱ्या बुलेट, पहिल्या काळातल्या पल्सर, सगळ्यांचं तत्त्व एकच.

पुढचं चाक फिरलं की ब्रेक प्लेटमध्ये, म्हणजे चाकाच्या बाजूच्या ब्रेकच्या झाकणात, बसलेला मीटर गियर फिरतो. तो पिनियनला, म्हणजे एका छोट्या दातेरी चाकाला, फिरवतो, पिनियनच्या खाचेत केबलच्या आतल्या तारेचं टोक बसलेलं असतं, आणि ती तार वर मीटरमधलं चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. चुंबक फिरताना वाटीत विजेचे भोवरा प्रवाह तयार होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ही ओढाताण जिथे बरोबरीत येते तिथे काटा थांबतो. किलोमीटरच्या आकड्यांचं तसं नाही. ते त्याच तारेवरून, पण दात्यांना दाते लागून फिरतात. तार फिरली तर आकडे पुढे सरकलेच पाहिजेत.

म्हणजे एकाच तारेचे हे दोन साक्षीदार आहेत. दोघांना वेगवेगळं विचारलं की दोष कुठे आहे ते पाना हातात घेण्याआधीच बरंचसं कळतं.

काटा बंद आणि आकडेही बंद: तार फिरतच नाही. दोष केबलमध्ये किंवा चाकातल्या गियरमध्ये. क्वचित मीटरचा दांडा जाम होऊन त्यानेच केबल तोडलेली असते.

आकडे चालू, काटा बंद: खालचं सगळं ठीक आहे. दोष मीटरच्या आत, काटा-वाटी-स्प्रिंग यांच्यात.

काटा चालू, आकडे बंद: मीटरमधल्या आकड्यांच्या दातेरी चाकाचा दात तुटला आहे किंवा ते चाक दांड्यावर सैल झालं आहे. केबल बदलून काहीही होणार नाही.

काटा थरथरतो, वीस ते चाळीसच्या मध्ये नाचतो: केबल कोरडी पडली आहे, कुठेतरी वाकली आहे, किंवा तिची टोकं झिजली आहेत.

काटा एकदम शेवटच्या आकड्यापर्यंत उडून तिथेच चिकटतो: चुंबक आणि वाटी यांच्यामध्ये ग्रीस, तेल किंवा गंज शिरून दोघं एकत्र फिरायला लागली आहेत. अशा वेळी गाडी पुढे दामटू नका. जागच्या जागी मीटरखालचा केबलचा नट सोडवा, केबल बाजूला बांधा आणि मग घरी जा. तसंच चालवत राहिलात तर स्प्रिंग पिळवटते, आणि मग तो मीटर दुरुस्त करणं फार अवघड होतं.

केबल

गाडी डबल स्टँडवर घ्या. इंजिनखाली लाकडाचा ठोकळा देऊन पुढचं चाक जमिनीपासून उचला. मीटरखालचा गोल खाचांचा नट बहुतेक हातानेच सुटतो. गंजून बसला असेल तर पक्कडीत कापड धरून सोडवा, नाहीतर खाचा घासल्या जातात. आता चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवा आणि केबलच्या वरच्या टोकाकडे बघा.

टोक फिरत असेल तर ते दोन बोटांत हलकं धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी चाक फिरवायला सांगा. चांगली तार बोटांतून जोराने निसटते. बोटांच्या एवढ्याशा दाबाने ती थांबली आणि चाक मात्र फिरत राहिलं, तर खाली गियरचे दाते किंवा तारेचं टोक झिजलेलं आहे. ही तपासणी बरेच जण गाळतात. 'तार फिरते ना, मग केबल चांगली' म्हणून मीटर उघडायला घेतात. रिकामी तार कुणीही फिरवेल. मीटरचा भार ओढते का, ते बघायचं असतं.

टोक फिरत नसेल तर केबल खालूनही सोडवा. खाली ती कुठे स्क्रूने, कुठे सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने), कुठे नटाने धरलेली असते. आतली तार ओढून काढा. काही केबलींची तार एकाच टोकाने निघते, काहींची निघतच नाही. जोर लावू नका. जी निघत नाही ती बिघडली की अख्खी केबल बदलायची.

तुटलेली तार हातात आली की ती कुठे तुटली ते नीट बघा, तुटण्याचं कारण तिथेच लिहिलेलं असतं. खालच्या टोकाजवळ तांबूस गंज आणि तुटलेले पदर दिसले तर पाणी आत गेलं आहे. मधोमध तुटली असेल तर त्या जागी केबल वाकलेली होती. वरच्या टोकाजवळ पीळ पडून तुटली असेल तर मीटरचा दांडा जड फिरतोय. हे तिसरं कारण न तपासता नवी केबल टाकली तर तीही थोड्याच दिवसांत जाते, आणि दोष मात्र 'डुप्लिकेट माला'वर ढकलला जातो. तपासायला जुन्या तारेचा वरच्या टोकाचा बोटभर तुकडा ठेवून द्या. तो मीटरच्या खाचेत घालून बोटांनी फिरवा. दांडा अलगद, न अडखळता फिरला पाहिजे.

अखंड निघालेली तार डिझेलने पुसून गुळगुळीत लादीवर ठेवा आणि तळहाताने पुढेमागे लोळवा. सरळ तार शांत लोळते. वाकलेली तार एका जागी उडी मारते, आणि तीच उडी काट्याच्या थरथरीत दिसते. पक्कडीने सरळ करून तिचा उपयोग नाही. बदला.

नवी केबल घेताना जुनी सोबत न्या. म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठेही गेलात तरी 'अमुक गाडीची द्या' एवढ्यावर विसंबू नका. एकाच मॉडेलच्या ड्रम ब्रेकच्या आणि डिस्कच्या गाडीची केबल वेगळी असू शकते. बाहेरच्या कव्हरच्या लांबीत बोटभर फरक चालतो. आतली तार खाली पूर्ण बसवल्यावर वर किती डोकावते, तो फरक चालत नाही. कमी डोकावली तर टोक खाचेत अर्धवट बसून घसरतं आणि चौकोनी टोक गोल होतं. जास्त डोकावली तर ती मीटरच्या दांड्याला वर ढकलत राहते आणि आतलं सगळं खलास करते. वरचा नट शेवटपर्यंत हातानेच बसला पाहिजे. शेवटच्या दोन आट्यांना तो स्प्रिंगसारखा परत ढकलू लागला तर थांबा. चाक थोडं फिरवून टोक खाचेत बसतं का बघा. तरीही ढकलत असेल तर केबल चुकीची आहे.

ग्रीसबद्दल नेमकं सांगायला हवं, कारण चांगल्या हेतूने केलेली चूक इथेच मीटर मारते. तारेला हलकं लिथियम ग्रीस बोटांनी चोळायचं, इतकं पातळ की तारेचे पीळ दिसत राहतील. आणि ते फक्त खालच्या दोन तृतीयांश भागाला. वरचा १५ सेंटीमीटर भाग कोरडा ठेवायचा. फिरणारी तार ही एक लांब स्क्रूच असते, ती ग्रीस वर चढवते. वरपर्यंत माखलेली केबल काही आठवड्यांत ते ग्रीस मीटरच्या वाटीत नेऊन सोडते. इंजिन ऑइल तर अजिबात नको, ते याहून लवकर चढतं.

बसवताना केबल जुन्याच वाटेने, त्याच क्लिपांतून न्या. कुठलंही वळण १५ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा लहान नको, आणि मीटरमधून निघाल्यावर पहिली दोन इंच केबल सरळ खाली आली पाहिजे. मग हँडल डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत फिरवा आणि पुढचा ब्रेक धरून शॉकॲब्सॉर्बर दोन-चार वेळा दाबा. केबल ताणली जात नाही, चाकाला घासत नाही, याची खात्री करा.

चाकातला गियर

पंक्चर काढून आणलं आणि तेव्हापासून मीटर बंद, ही तक्रार फार जुनी आहे. त्याचं कारण बहुधा एकच असतं. मीटर गियरला दोन कान असतात, ते चाकाच्या हबमधल्या (मधल्या गाभ्यातल्या) दोन खाचांत बसतात. चाक परत चढवताना कान खाचांसमोर न आणता एक्सल आवळला की कान दबतात किंवा वाकतात. चाक फिरतं, गियर फिरत नाही.

दुरुस्तीसाठी चाक काढावं लागतं. ब्रेक केबल आणि मीटर केबल सोडवा, एक्सलच्या नटाची स्प्लिट पिन (नट सैल होऊ न देणारी दुमडलेली तार) असेल तर ती काढून टाका (परत वापरायची नाही), नट सोडवा, एक्सल ओढा. ब्रेक प्लेट हातात येते, तिच्या मध्यभागी गियर दिसतो. डिस्कच्या गाडीत तो एक्सलवरच्या वेगळ्या छोट्या डबीत असतो.

आधी ब्रेक शूज काढून ठेवा किंवा कापडाने नीट झाका. मगच गियरची जागा डिझेलने धुवा. शूजला डिझेल किंवा ग्रीस लागलं तर मीटर सुधारेल, पण ब्रेक जाईल. जुनं ग्रीस पांढरट, दह्यासारखं झालेलं असेल तर पाणी आत जात होतं, आणि ऑइल सील बदलायलाच हवा. प्लास्टिकच्या गियरचे दाते झिजून टोकदार होतात किंवा एका जागी सपाट होतात, ते नखाने जाणवतं. पिनियन बोटाने फिरवा आणि आडवा हलवून बघा. फार हलत असेल तर त्याचं बुश (ज्यात तो फिरतो ती नळी) गेलं आहे. गियर बदलताना पिनियनही बदला. जुन्या पिनियनवर नवा गियर फार टिकत नाही. पिनियनखाली पातळ वॉशर असतो, तो काढलेल्या ग्रीसबरोबर कचऱ्यात जातो आणि मग पिनियन वर उचलून दाते खातो. तेव्हा काढलेली प्रत्येक वस्तू त्याच क्रमाने कागदावर मांडत जा.

नवं ग्रीस दात्यांच्या मध्ये भरेल एवढंच. जास्त भरलेलं ग्रीस गरम होऊन शूजकडेच जाणार.

चाक चढवताना ब्रेक प्लेट हबमध्ये ठेवून हलकी फिरवा. कान खाचांत गेले की प्लेट अंदाजे दोन-तीन मिलिमीटर खाली बसल्याचं हाताला कळतं. ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरी गोष्ट मीटरपेक्षा कितीतरी महत्त्वाची: ब्रेक प्लेटवरची खाच फोर्कवरच्या अडणीत बसली आहे का, ते डोळ्यांनी बघा. ती बसली नसेल तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होतं. मग एक्सल आवळा, नवी स्प्लिट पिन घाला, चाक फिरवून केबलचं वरचं टोक फिरतं का ते बघा, आणि सगळ्यात शेवटी केबल मीटरला जोडा.

मीटर

मीटर उघडायची वेळ खालचं सगळं निर्दोष ठरल्यावरच. उघडण्याआधी आकड्यांचा फोटो काढा. मागे तीन-चार स्क्रू असलेला प्लास्टिकचा मीटर घरी उघडता येतो. ज्याची धातूची कड दुमडून बंद केली आहे तो मीटर दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या, कारण ती कड पुन्हा पाणी न शिरेल अशी दुमडायला सराव लागतो, आणि आपल्याकडच्या पावसात तेच निर्णायक.

उघडल्यावर काटा सरळ उपटू नका. आधी तो शून्याच्या खुंटीवरून अलगद उचलून पलीकडे सोडा. तो खुंटीच्या खाली जाऊन कुठेतरी स्थिरावेल, ती जागा पेन्सिलने टिपून ठेवा. स्प्रिंगला मुळात दिलेला ताण तो हाच. परत बसवताना काटा आधी त्याच जागी बसवून मग खुंटीवर उचलून ठेवायचा. थेट शून्यावर बसवला तर मीटर प्रत्येक वेगाला चुकीचं दाखवेल. काटा काढायला दोन चहाचे चमचे दोन बाजूंनी खाली सरकवून समान वर उचला. एका बाजूने उचलला तर सुईसारखा दांडा वाकतो.

आत ग्रीस किंवा गंज असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. चुंबकाला चिकटलेला लोखंडी कीस चिकटपट्टीने उचला. केसासारख्या स्प्रिंगला हात, काडी, फुंकर, काहीही नको. चुंबकाच्या दांड्याच्या बुशला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, तोही सुईच्या टोकाने. गंज सोडवायचा स्प्रे आत मारू नका. तो सगळीकडे पसरतो आणि वाटी चिकटवतो.

बंद करण्याआधी जुन्या तारेचा तुकडा खाचेत घालून चुटकीने फिरवा. काटा झटकन वर जाऊन शून्यावर परतला पाहिजे. दिशा महत्त्वाची: गाडी पुढे जाताना केबलचं वरचं टोक ज्या बाजूला फिरतं त्याच बाजूला फिरवा. उलट फिरवलं तर काटा खुंटीवर दाबला जाईल आणि चांगला मीटरही बिघडलेला वाटेल.

काटा चालतो, पण खोटं बोलतो

मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा, पण दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा: वेग आणि अंतर. सपाट, मोकळ्या रस्त्यावर जीपीएसने १० किलोमीटर जा आणि आकडे किती सरकले ते बघा. वेगासाठी मागे बसणाऱ्याने दोन्ही बघावं, चालवणाऱ्याने नाही. जीपीएस नसेल तर महामार्गावरच्या लागोपाठच्या दोन मैलाच्या दगडांमधल्या एका किलोमीटरचा वेळ घ्या. काटा ४० वर स्थिर असताना ९० सेकंद, ५० ला ७२ सेकंद, ६० ला ६० सेकंद लागायला हवेत. काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवत असेल तर ते घडवतानाच तसं ठेवलेलं असतं. कमी दाखवत असेल तर तो दोष आहे.

अंतर बरोबर आणि वेग चूक असेल तर दोष मीटरच्या आत. चुंबक अशक्त झालं की काटा कमी दाखवतो, स्प्रिंग अशक्त झाली की जास्त. अंतर आणि वेग दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील तर मीटरला दोष देऊ नका. गियर किंवा मीटर दुसऱ्या मॉडेलचा बसलेला आहे.

टायरवर मात्र उगाच संशय घेतला जातो. २.७५-१८ टायरचा परीघ अंदाजे १.८७ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ५३३ फेरे. त्याऐवजी ३.००-१८ घातला तर ५२२ फेरे. फरक दोन टक्के. टायर तीन मिलिमीटर झिजला तर फरक जेमतेम एक टक्का. वीस टक्क्यांची चूक टायरने होत नाही. आणि पुढच्या चाकावरून मीटर चालत असेल तर मागे कितीही जाड टायर घाला, काट्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

डिजिटल मीटरच्या गाड्यांत केबलऐवजी चाकाजवळ सेन्सर असतो. तिथे आधी सेन्सरची वायर फोर्कजवळ तुटली आहे का आणि कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या आहेत का, ते बघा. पुढचं काम मल्टिमीटरचं आहे.

पावसाआधी आणि चवथीनंतर

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी किंवा रोज फेरीबोटीने जाणाऱ्यांनी वर्षातून दोनदा केबल काढून पुसावी आणि ग्रीस लावावं: एकदा मे महिन्यात, एकदा चवथ आटोपल्यावर. रायबंदर-चोडण किंवा जुने गोवे-दिवाडीच्या धक्क्यावर भरतीच्या वेळी उताराच्या टोकाला खारं पाणी असतं, आणि पुढचं चाक त्यातूनच फेरीत चढतं. त्या दिवशी घरी आल्यावर हब आणि केबलचं खालचं टोक गोड्या पाण्याने साध्या नळीने धुवा. सर्व्हिसिंगला प्रेशरच्या पाण्याचा फवारा हबवर थेट मारू देऊ नका, त्या दाबाने पाणी सील ओलांडून आत जातं. सत्तरी, डिचोलीकडच्या धुळीच्या रस्त्यांवर केबलच्या खालच्या टोकाचं रबर फाटलं असेल तर ते बदलणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाचं.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरसायकलला वेग दाखवणारं उपकरण असावंच लागतं. गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी ती वाढवताना गाडी तपासली जाते, तेव्हा जुन्या गाडीवाल्यांनी त्या तारखेआधीच मीटर चालू करून घ्यावा. मीटर अख्खा बदलावा लागला तर जुन्या मीटरवरचा आकडा, नवा बसवल्याची तारीख आणि बिल आरसीच्या झेरॉक्सबरोबर ठेवून द्या. पुढे ऑइल आणि टायरचा हिशेब करताना दोन्ही आकड्यांची बेरीज करायची, आणि गाडी विकलीत तर तो कागद घेणाऱ्याच्या हातात द्यायचा.